मोटरीच्या मानेवर ओझं

लिहा मास्तर, पयलं गाव लिहा. मी नांदगाव खंडेश्वराकडच्या एका लहानशा खेड्यातला, घर सुताराचं, नाव किसन. माहा बाप बंड्या, म्हनजे बैलगाड्या, कराचा, त्याचा बाप बी बंड्याच कराचा, अन् त्याच्या मांगचं मले ठाऊक नाई पन त्याइनं तरी दुसरं काय केलं असंल. आमच्या इकडची जमीन काळी, पानी पडलं की पाय गुडघ्यापर्यंत आत, अन् असल्या मातीतून कापसानं भरलेली बंडी अमरावतीच्या बाजारात न्याची म्हनजे बंडी तशीच पाहिजे, चाक मजबूत, आख मजबूत, अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हनजे तोल. काय सांगू तुमाले, या तोलापायी बापानं मले लय मारलं. बंडीले दोनच चाकं, मधात एक आख, मांगं भार जास्त झाला की जू वर उडते अन् बैलाचा गळा आवळते, त्याले आमी उलार म्हनतो, अन् पुढं भार जास्त झाला तर सगळं ओझं बैलाच्या मानेवर, खांदा सुजते, बैल वावरातच बसते. म्हनून बंडी भरली की बाप जू आपल्या एका बोटावर घ्याचा, नुसत्या एका बोटावर, अन् ते तठी थिर राह्यलं तरच म्हनाचा हं, जुंपा आता. बारा गावाइचे कास्तकार त्या बोटापायी आमच्या दारात याचे.

आनखी एक रीत होती आमच्या घरची. नवी बंडी गिऱ्हाइकाले द्याच्या आधी तिच्यात दगड भराचे अन् घडवनाऱ्यानं सोता बसून नाल्याच्या उतारातून एक फेरा माराचा. बाप म्हने, ज्यानं बनवली त्याचंच डोस्कं पयले फुटलं पाहिजे, दुसऱ्याचं काहून. ही रीत मी एक डाव मोडली मास्तर, एकच डाव, ते बी सांगतो, लपवत नाई.

बाप गेला तवा मी अकोल्याले आलो, बायको अनसूया अन् दोन लेकरं घेऊन. तवा मोटरी नवीन नवीन येऊन राह्यल्या होत्या. तुमाले वाटन मोटर पुरी तयार येते, तर नाई, लारी यायची म्हनजे नुसता लोखंडी सांगाडा, पुढं इंजन, चार चाकं अन् बसाले एक फळी, वरची पेटी ज्यानं त्यानं आपल्या गावच्या सुताराकडून करून घ्याची. जठारपेठेत मी दुकान टाकलं, पयले बंड्याच दुरुस्त कराचो, मंग कापसाच्या एका जीनवाल्या शेठनं मले लारीची पेटी कराले लावली, ती त्याले आवडली, मंग दुसरी, मंग तिसरी. गावाकडचे सुतार मले हासाचे, म्हने किसन बैल सोडून धूर हाकलून राह्यला. हासा म्हनलं. माहा हात लाकडावर बसला की लाकूड ऐकते, हे मले ठाऊक होतं, अन् ते काही मी आज म्हातारा झालो म्हनून फुशारकीनं सांगून राह्यलो असं नाई, तवा बी मी असंच सांगाचो, तवा त जास्तच सांगाचो.

एक दिवस शेठ अन् त्याइच्यासंगं एक बाई दुकानात आल्या. नऊवारी साधी, पायात बूट, डोयावर चष्मा. डाक्टरीन. सुलोचनाबाई त्याइचं नाव, पुन्याकडच्या, बोलनं एकदम शुद्ध, मले त पयल्यांदा अर्धं समजलंच नाई. शेठनं म्हनलं ही माही जुनी लारी, इंजन चांगलं हाय, मी बाईले धर्मादाय देल्ली, खेड्यापाड्यातल्या बायाइची बाळंतपनं करत फिरतात त्या, आता तू हिच्यावर याइले राहाले खोली करून दे. मी म्हनलं राहाले? बाई म्हने हो मिस्त्री, राहायला, पलंग पाहिजे, चूल पाहिजे, औषधाचं कपाट पाहिजे, पाण्याची टाकी पाहिजे. मी म्हनलं बाई, गावात पाटील असते, कुलकर्नी असते, एवढी मोठी डाक्टरीन आली तर कोनीबी आपला वाडा उघडन. तशा त्या हासल्या. म्हने मिस्त्री, बोलावतात सगळे, ठेवून कोणी घेत नाही. मागच्या महिन्यात एका घरी सून अडली होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी झुंजले, दोन्ही जीव वाचले, सासू माझ्या पाया पडली, अन् मग मला जेवायला वाढलं ते गोठ्यात, अन् निजायला चटई टाकली तीही गोठ्यात. का, तर बाळंतपणाचा विटाळ. मी हात कितीही धुतले तरी माझा विटाळ त्यांच्या लेखी जात नाही. म्हणून मला माझं घर पाहिजे, चाकावर का होईना.

हे त्या हासून सांगून राह्यल्या होत्या अन् मी खाली पाहून राह्यलो होतो. काहून सांगू? माह्या घरी थोरला झाला तवा जी दाई आली होती तिले मी ओसरीवर बी चढू नव्हतं देल्लं. अंगनात उभी ठेवून वरून पानी वाढलं होतं तिच्या हातावर. तिनंच माहं पोरगं जगात आनलं, अन् मी तिले वरून पानी वाढलं. तवा मले त्यात काही वावगं वाटलं नाई, सगळेच तसं करत. पन त्या दिवशी बाईच्या समोर उभं राहून मले माही शरम वाटली, खरंच शरम वाटली, अन् मी मनात म्हनलं किसन, या बाईले असं घर करून दे की पाटलाच्या वाड्यानं पाहत राह्यलं पाहिजे.

अन् तेच माहं चुकलं. मले वाड्यावानी घर कराचं होतं. चांगलं जुनं सागवान घेतलं, जड, लोखंडावानी. छत छपराच्या रेंगीगाडीसारखं वर गोल केलं, उंच, आत मानूस हात वर करून उभा राहीन एवढं. कपाटं भिंतीले वरती लावली, म्हनजे खाली जागा मोकळी. टाकी छपरावर ठेवली, म्हनजे नळ सोडला की पानी आपोआप खाली येईन. चुलीची पेटी मांगं शेवटाले लटकवली, म्हनजे धूर बाहेर जाईन. सांगाड्यावर हातभर जाडीचे आडवे ठोकळे टाकून त्याच्यावर खोली बसवली, बंडीच्या आखावर साठी, म्हनजे वरची पेटी, बसवतो ना, तशी. अन् तोल? तोल त मी बापाचा लेक, तो कसा सोडीन. सगळी खोली मी मांगच्या आखावर अशी तोलली, अशी तोलली की पुढून मडगार्डाखाली हात घातला तर मोटरीचं तोंड एका हातानं वरखाली होये. शेठ आले तवा मी सगळ्याइच्या देखत ते करून दाखवलं. एका हातानं, मास्तर. म्हनलं पाहा, मानेवर काहीच ओझं नाई. लोकाइनं तोंडात बोटं घातली. बाईनं खोलीच्या भिंतीवरून हात फिरवला, सागवान त असं घोटलं होतं मी, अन् त्याइचा चेहरा खुलला.

मोटर रिकामीच दुकानापासून बाजारापर्यंत नेऊन आनली, बेस चालली. भरून नेऊन पाहाची रीत होती ना आमची, तर मी म्हनलं कशाले, माह्या हातचं हाय. अन् ज्या दिवशी बाई सामान भरून, टाकी भरून अमरावतीच्या सडकेनं निघाल्या, त्या दिवशी मी दुकानात बसून पेढे वाटून राह्यलो होतो.

दुपारी सायकलवर मानूस आला. मुर्तिजापूरच्या अलीकडं पुलाआधी एक वळन हाय, तठी मोटर वळलीच नाई, सरळ वावरात गेली, कपाशीच्या पऱ्हाटीत जाऊन कलली. देवाची दया की माती भुसभुशीत होती, उलटली नाई. मी मिळंल त्या बैलाच्या दमनीत बसून पोचलो त औषधाच्या बाटल्या फुटून वास सुटलेला, अन् सुलोचनाबाई बांधावर बसलेल्या, उजवा हात पदरात बांधलेला. मनगट मुरगळलं होतं. उजवा हात, मास्तर. डाक्टरनीचा उजवा हात म्हनजे समजा तुमी. पुढं पंधरा दिवस त्याइले कुठी जाता आलं नाई, अन् त्या पंधरा दिवसात ज्या बायाइनं निरोप धाडले त्याइचं काय झालं हे मले कोनी सांगतलं नाई, मी इचारलं बी नाई, इचाराची हिंमत नव्हती.

मोटर हाकनारा कादरभाई. अकोल्यातला जुना डायवर, मोठा गडी, दाढी मेंदी लावलेली. तो माह्या अंगावर आला. म्हने मिस्त्री, ये मोटर है के हत्ती, सर उधर डोलता है, पूँछ इधर डोलती है, और स्टेरिंग में मेरे हाथ में कुछ हैच नहीं, हवा है. मैं नहीं चलाता. जिसने बनाया वो चलाए. मी बी तापट, मी म्हनलं तुले हाकता येत नाई, सडक खराब, कमानी जुन्या, माह्या कामात खोट नाई. बाई बांधावरून फक्त एवढंच म्हनल्या, मिस्त्री, भांडू नका, मला फक्त सांगा, हे घर चालेल की नाही.

शेठ त जास्तच तापला. म्हने पोळ्यापर्यंत तुले टाइम, पोळा झाला की मी ती खोली उतरवनार अन् लारी सरकीच्या बोऱ्याइले लावनार, धर्मादाय करून मानसं माराची नाईत मले. म्हनजे बाई पुन्हा गोठ्यात. अन् माहं काय, तर जठारपेठेत लेकरं बी मले पाहून झुलत चालाले लागले, डोलत्या खोलीचा मिस्त्री, डोलत्या खोलीचा मिस्त्री. माहं नाव त्या वावरात जाऊन पडलं होतं, अन् बाईचं घर बी.

पयले मी कमानीच धरल्या, मोटर ज्या लोखंडी पाट्याइवर झुलते त्या. मांगच्या कमानीत दोन दोन पाटे वाढवले, लोहाराले सांगून. डोलनं थोडं कमी झालं, पन कादरभाईनं मोटर दुकानाभवती फिरवली अन् उतरून म्हने वैसाच है. अनसूयानं घरी मले जेवू घालताना म्हनलं, जो मानूस रोज हाकते तो म्हनते हातात काही नाई, त तुमी त्याच्याशी भांडता काहून, त्याले इचारा ना काय पाहिजे हातात. मी ताट सरकवलं. पन दुसऱ्या दिवशी गेलो कादरभाईकडं, गेलो म्हनजे जा लागलं. त्यानं मले चहा पाजला अन् म्हने, देख मिस्त्री, तेरे बैल के पाँव में खुर है, वो खुद जमीन पकड़ता है, खुद मुड़ता है, तेरी गाडी उसके पीछे आती है. मेरे अगले पय्ये को जमीन पे दबाएगा कौन?

काय सांगू तुमाले, मी चहा तसाच सोडून उठलो. शेठच्या जीनमधी कापसाच्या बंड्या तोलाचा मोठा काटा होता, जमिनीत बसवलेला. मोटर भरली, टाकी भरली, अन् नुसती पुढची दोन चाकं काट्यावर चढवाले लावली. काट्यावरचा मुनीम खिडकीतून म्हने, चढव ना मिस्त्री, कवाचा वाट पाहून राह्यलो. मी म्हनलं चढवली हाय. तो म्हने काटा त जवळजवळ हलतच नाई. तठीच मी खाली बसलो. सगळ्याइच्या देखत एका हातानं मोटरीचं तोंड उचलून दाखवलं होतं ना मी, तेच मरन होतं. बैलाच्या मानेवर ओझं नको म्हनून आमच्या घराच्या पिढ्या गेल्या, अन् मोटरीले मानेवर ओझंच पाहिजे होतं. बापाचं शिकवनं खोटं नव्हतं, ते बंडीचं होतं, मी त्याले मोटरीवर चढवलं. ही चूक पुन्याच्या सुतारानं केली नसती, मुंबईच्यानं बी केली नसती. ही चूक कराले बंडी करता येनारा मानूस पाहिजे, अन् चांगली येनारा पाहिजे, असं मी आता म्हनतो, तवा मात्र रडाले आलं होतं.

मंग मी खोली सगळी उकलली. सोताच्या हातानं घोटलेलं सागवान उकलाचं म्हनजे, तुमी मास्तर, पोराची पाटी पुसता तसं ते नाई. ते ठोकळे काढून फेकले अन् खोली सरळ सांगाड्यावर बसवली. मांगची चाकं आत येऊन राह्यली होती तर त्याइच्यावर लाकडी डबे केले अन् त्याइचीच बसाची बाकं झाली. सगळी खोली पुढं सरकवली, डायवरच्या पाठीले पाठ लावून, अन् मांगं लटकलेली चूल आत पुढच्या कोपऱ्यात घेतली, धुराले नळकांडं काढलं. कपाटं वरून खाली आनली, पलंगाच्या खाली. जड ते खाली अन् पुढं, हलकं ते वर, एवढंच मी दिवसभर बडबडाचो, अनसूया म्हने झोपीत बी तेच म्हनता. आधी खोली दोरखंडानं अन् पट्ट्याइनं आवळलेली होती, ती हालाची, आता सांगाड्याले आरपार बोल्ट मारले, मधात चामड्याच्या चकत्या देल्ल्या, म्हनजे करकर नाई.

छतावर मात्र बाईशी माहं वाजलं. मी म्हनलं बाई, छत कमी करा लागते, वर उंच असलं की वारा धरते, झोका घेते, आत थोडं वाकून राहा. त्याइचा हात अजून पट्टीत होता. म्हने मिस्त्री, मी दिवसभर वाकूनच असते, जमिनीवर निजलेल्या बाईचं बाळंतपण वाकूनच करावं लागतं, माझ्या घरात तरी मला सरळ उभं राहू द्या. आता बोला. ठोकळे काढले तवा खोली हातभर खाली आलीच होती, त मी आत उंची तेवढीच ठेवली, पन वरचं सागवान सगळं काढलं. बांबूच्या कामट्या वाकवून छताच्या कमानी केल्या, वरून जाड कॅनव्हास तानला, त्याले रंगाचे तीन हात. वर वजन असं काही राह्यलंच नाई. बाई आत जाऊन उभ्या राह्यल्या, सरळ, अन् डोक्यावर हात ठेवून पाह्यला. म्हने पुरते.

राह्यली टाकी. ती छपरावरून काढून पलंगाखाली, मांगच्या आखाच्या पुढं बसवली, पानी वर ओढाले हातपंप लावला. पन टाकी अर्धी झाली की कादरभाईनं बिरेक लावला रे लावला का पानी पुढं धावे, मंग मांगं धावे, मोटरीले धक्का. मी घरी बसून डोस्कं खाजवून राह्यलो होतो. अनसूया म्हने, आमच्या मायेरी विहीर दूर, पिपात पानी भरून बंडीवर आनत, त माही माय पिपात लिंबाचा डहाळा टाके, पानी मंग उसळत नाई. मी म्हनलं डाक्टरनीच्या पान्यात लिंबाचा डहाळा टाकू का? ती म्हने डहाळा नका टाकू, पान्याच्या आडवं काहीतरी टाका, त्याले धावू नका देऊ. मी उठलो, तठीच उठलो, अन् दुसऱ्या दिवशी टाकीत आडवे पडदे बसवले पत्र्याचे, भोकं पाडलेले. पानी जाते, पन धावत नाई. लोक म्हनतात किसन मिस्त्रीनं टाकी केली. टाकी अनसूयाची हाय, हे बी लिहा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मोटर तयार झाली. खांदमळनीचा दिवस, गावोगाव लोक बैलाच्या खांद्याले लोनी हळद लावून राह्यले होते, अन् मी मोटरीत दगडाचे बोरे रचून राह्यलो होतो. काट्यावर पुढची चाकं चढवली त मुनीम म्हने हं, आता हाय काहीतरी. कादरभाई आला, स्टेरिंग धरलं, मले म्हने तू किधर बैठेगा? मी म्हनलं आत, खोलीत. बापानं सांगतलं होतं ते आता करतो, उशिरा का होईना. तशी अनसूया बी पदर खोचून चढली. मी म्हनलं तू काहून, लेकराइकडं पाह्य. ती म्हने टाकी माही हाय ना, मंग मी बी येतो. लेकरं शेजारनीकडं ठेवली होती तिनं आधीच.

पानी पडून राह्यलं होतं, खिडक्या लावून घेतल्या, बाहेरचं काही दिसे नाई. अनसूयानं दोन्ही हातानं पलंगाची दांडी धरली होती अन् डोये मिटून घेतले होते. मी बोल्टाइकडं पाहून राह्यलो होतो, कुठी करकरते का, कुठी उघडते का. लय वेळ झाला. अनसूया म्हने, ते वळन कवा येते हो? मी डायवरकडची लहान खिडकी सरकवली अन् म्हनलं कादरभाई, वळन आलं का? तो हासला, असा मोठ्यानं हासला. म्हने मिस्त्री, वो तो कब का गया, पुल भी गया, अब मुर्तिजापूर में चाय पिला. 

मास्तर, मी आजवर लय कामं केली, पन त्या चहावानी चहा नाई पेलो. कादरभाईनं हाटेलात सगळ्याइच्या समोर माह्या पाठीवर थाप मारली. शेठनं मोटर पाह्यली, एक फेरा मारला, अन् म्हने राहू दे बाईकडं. पुढं कितीक वर्सं ती मोटर फिरली, नांदगाव, चांदूर, वरूड, कुठी कुठी. शेंदूरजनाघाटाकडं गेली की लोक संत्र्याच्या टोपल्याइच्या टोपल्या प्रेमानं छपरावर चढवून देत, अन् कादरभाई भोळा, काही बोले नाई. मी त्याले लय शिव्या देल्ल्या. शेवटी बाजूले रंगानं लिहून टाकलं, छपरावर काही ठेवू नये. संत्री खाली, पलंगाखाली, अन् त्यातली अर्धी माह्या घरी.

आता ही दुसरी मोठी लढाई लागली अन् पेट्रोल मिळेनासं झालं, तवा लोकाइनं मोटरी कोळशाच्या गॅसवर चालवाले त्याइले भट्ट्या लावल्या, तुमी पाहताच, मांगं ते मोठं नळकांडं लटकवलेलं. लावनारे लावतात मांगं, अन् पुढचं तोंड उडते, स्टेरिंग हवेत. मंग येतात माह्याकडं. अकोल्यातून येतात, अमरावतीहून येतात, एक साहेब बी येऊन गेला. मी त्याइले काट्यावर पाठवतो, म्हनतो पयले पुढची चाकं तोला, मंग बोला. ज्या चुकीनं मले हासले तिचीच विद्या झाली, अन् ती माह्या एवढी कोनाले येत नाई, हे मी सांगतो, अन् कोनाले पटत नसंल तर त्यानं आपली मोटर आनावी.

बाईच्या मोटरीले भट्टी मीच बसवली, मांगं नाई, डायवरच्या बाजूले, अन् तिच्या वजनाचं सामान दुसऱ्या अंगाले. अन् आता रीत मोडाची नाई म्हनून पयल्या फेऱ्याले मी सोता गेलो, या मांगच्या तुरीच्या हंगामात. नांदगावाकडच्या एका गावात पाटलाची सून अडली होती. बाई वाड्यात गेल्या त दुपार कलली तवा बाहेर आल्या, मुलगी झाली, दोघी जित्या. बाईचे केस आता सगळे पांढरे झाले, थकल्या होत्या. मी मोटरीखाली पडून भट्टीचे बोल्ट आवळून राह्यलो होतो. तेवढ्यात पाटलाची माय मांगून आली, म्हातारी, अंगानं भरगच्च, गावातलं सगळ्यात मोठं घर तिचं. हात जोडून म्हने, बाई, दिवस मावळून राह्यला, आता कुठी जाता, माजघरात गादी टाकली तुमच्यासाठी, आज आमच्या घरात निजा.

मास्तर, माहा पाना हातात तसाच राह्यला. माजघरात. जिनं आयुष्य गोठ्यात काढलं असतं तिले आज माजघरात गादी. मले वाटलं बाई आता जाईन, जाले पाहिजे, हक्काचं हाय. पन बाई म्हनल्या, गादी राहू द्या आई, तुम्ही म्हणालात तेच पुष्कळ. माझं घर आहे ना, ते काय उभं आहे.

म्हातारी मोटरीकडं पाहत राह्यली. मंग हळूच म्हने, मी येऊन पाहू का तुमचं घर, चालन का तुमाले? असं इचारलं तिनं, चालन का म्हनून. बाईनं दार उघडलं. म्हातारीनं पायातल्या वहाना सडकेवर काढून ठेवल्या, देवळाबाहेर काढतो तशा, अन् पायरीवर पाय देल्ला. ती चढली, पुरी आत गेली, अन् मी खालून कमानीकडं पाहून राह्यलो होतो, मोटर एक बोट बी कलली नाई.

तेवढंच मले सांगाचं होतं. अनसूया दोन वर्साआधी गेली, डोयाले कमी दिसते, हात थरथरतात, नवी मोटर आता माह्यानं होनार नाई. पन देव त्या बाईले उदंड आयुष्य देवो, अन् तिच्या घराले सुखरूप फिरत ठेवो.